अमेरिकेतली यादवी: राज्यांचा हक्क, पण कशाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात जे यादवी युद्ध झालं, ते कशावरून पेटलं असं विचारलं की दोन उत्तरं ऐकू येतात. एक, गुलामगिरीवरून. दुसरं, राज्यांच्या हक्कांवरून. दुसरं उत्तर देणारे ते बहुधा अशा थाटात देतात, की पहिलं शाळेतल्या पोरांसाठी आणि हे आतल्या गोटातलं. आज आपण हा वाद एका साध्या रीतीनं तपासू. त्या काळच्या कागदांत जिथं जिथं राज्यांच्या हक्कांची भाषा येते, तिथं थांबायचं आणि विचारायचं: कुठल्या राज्याला, कुणाविरुद्ध, नेमकं काय करण्याचा हक्क हवा होता?

सुरुवात 1787 पासून करू. फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना तयार झाली, तेव्हा तेरा राज्यं एकत्र आणायची तर गुलामांच्या श्रमावर शेती चालणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांना सांभाळून घेणं भाग होतं. त्यासाठी घटनेत तीन सोयी झाल्या. लोकसंख्येवरून प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम तीन माणसांच्या बरोबरीनं मोजायचे. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यामागं मालकाच्या राज्याला जादा खासदार मिळायचे, आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जादा मतंही. दुसरी सोय अशी, की आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर 1808 पर्यंत केंद्रानं बंदी घालायची नाही. तिसरी, एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत द्यायचा. पहिली आणि तिसरी सोय नीट बघितली, तर दोन्हींत दक्षिणेला केंद्राकडून काही हवं होतं. केंद्रानं दूर राहावं अशी मागणी तिथं नव्हती. हे ध्यानात ठेवा.

त्या वेळी अनेकांना वाटत होतं की गुलामगिरी आपोआप मावळेल. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये तंबाखूनं जमिनी थकल्या होत्या. हा अंदाज साफ चुकवला एका यंत्रानं, कापसाच्या जिननं.

विदर्भ-खानदेशातल्या श्रोत्यांना हा भाग लगेच कळेल. अमेरिकेच्या दक्षिणेत किनाऱ्यालगत लांब धाग्याचा कापूस व्हायचा. त्याची सरकी गुळगुळीत असते. दोन लाटांमधून कापूस ओढला की सरकी मागं राहते, आपल्याकडच्या जुन्या रेचासारखं. पण आतल्या भागात फक्त आखूड धाग्याचा कापूस यायचा आणि त्याच्या हिरव्या सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात. लाटांत घातला तर सरकीच चिरडते आणि तेलाचे डाग रुईला लागतात. हातानं काढायचं तर एका माणसाच्या दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघायची. ईली व्हिटनी यांनी 1793 मध्ये केलेल्या यंत्रात तारेचे दात बसवलेला दंडगोल फिरायचा. ते दात अरुंद फटींमधून आत जाऊन तंतू ओढून घ्यायचे, सरकी फटीतून न मावल्यामुळं अलीकडेच गळायची आणि मागं उलट फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून घ्यायचा. हातानं फिरवलं तरी दिवसाला पन्नास पौंड. 1794 मध्ये पेटंट मिळालं, पण त्याचा व्हिटनी यांना फारसा उपयोग झाला नाही, कारण गावोगावच्या लोहारांनी तशीच यंत्रं बनवायला घेतली.

सरकी काढण्याचं काम यंत्राकडे गेलं. वेचणीचं मात्र हातांकडेच राहिलं, आणि आता वेचायला कितीही हात पुरेनात. 1790 च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे 7 लाख होती, 1860 मध्ये ती साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. आणि त्या साडेएकोणचाळीस लाख माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त भरत होती. माणसांच्या अंगावर किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या देशाबद्दल आपण बोलतो आहोत, हे आकडे ऐकताना विसरायला होतं.

आता प्रसाराचा मुद्दा. कापूस जमीन खातो, म्हणून मळेवाले सतत पश्चिमेकडे सरकत राहिले: जॉर्जियातून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांत कापूस फार नव्हता, पण गुलाम होते, आणि ते दक्षिणेला विकणं हा तिथला मोठा धंदा झाला. युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसं अशी घरादारापासून तोडून दक्षिणेकडे नेली गेली. नव्या जमिनी बंद झाल्या असत्या तर व्हर्जिनियातल्या मालकाच्या मालमत्तेचा भावही पडला असता. म्हणूनच, जिथं एकही गुलाम नव्हता अशा ओसाड प्रदेशांवरून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, रात्र-रात्र भांडणं चालत.

भांडणाचं दुसरं कारण सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह. प्रतिनिधिगृहात उत्तरेची लोकसंख्या वाढत होती, तिथं दक्षिण मागं पडत गेली. सिनेटमध्ये मात्र दर राज्याला दोनच जागा. 1819 मध्ये अकरा गुलाम राज्यं आणि अकरा मुक्त राज्यं असा तोल होता. मिसुरी गुलाम राज्य म्हणून आत यायला निघालं आणि तो तोल ढळायची वेळ आली. 1820 मध्ये तडजोड झाली: मिसुरीच्या जोडीला मेन हे मुक्त राज्य घ्यायचं, आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलखात 36 अंश 30 मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. ही रेघ चौतीस वर्षं टिकली.

राज्यांच्या हक्कांचा पहिला मोठा स्फोट मात्र आयात जकातीवरून झाला. उत्तरेतल्या कारखान्यांना संरक्षण देणारी जबर जकात 1828 मध्ये लागली, 1832 मध्ये थोडी उतरली. नोव्हेंबर 1832 मध्ये साउथ कॅरोलिनानं ठराव केला की हा कायदा आमच्या हद्दीत रद्दबातल, 1 फेब्रुवारी 1833 पासून वसुली बंद. यामागं त्याच राज्याचे नेते जॉन कॅल्हून यांची मांडणी होती: घटना हा सार्वभौम राज्यांनी आपसात केलेला करार आहे, म्हणून कराराबाहेरचा कायदा राज्य अडवू शकतं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः दक्षिणेतले, शंभराच्या आसपास गुलामांचे मालक. तरी त्यांनी बजावलं की हा राजद्रोह आहे, आणि सैन्य वापरण्याचा अधिकार काँग्रेसकडून मिळवला. दुसऱ्या बाजूनं जकात टप्प्याटप्प्यानं उतरवायची तडजोड झाली आणि प्रकरण निवळलं. युद्ध जकातीवरून झालं असं म्हणणारे या घटनेचा दाखला देतात. पण खुद्द कॅल्हून यांनी 1830 मध्ये एका खासगी पत्रात लिहिलं होतं की जकात हे निमित्त आहे, असंतोषाचं खरं कारण नव्हे. खरं कारण म्हणजे दक्षिणेची ती विशिष्ट घरगुती व्यवस्था. घरगुती व्यवस्था म्हणजे काय, हे पत्र वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढं मेक्सिकोशी युद्ध झालं. 1848 मध्ये प्रचंड मुलूख हाती आला आणि जुनं भांडण नव्यानं उकरलं गेलं. सोन्याच्या शोधात माणसं लोटली आणि कॅलिफोर्नियानं मुक्त राज्य म्हणून प्रवेश मागितला. सिनेटचा पंधरा-पंधराचा तोल त्यानं कायमचा मोडणार होता. 1850 मध्ये पुन्हा तडजोड झाली, आणि कॅलिफोर्नियाच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला नवा, कडक असा पलायित गुलामांचा कायदा. इथं मी जरा थांबतो, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्याच्या कलमांत आहे.

कायदा चालायचा असा. मालक किंवा त्याचा माणूस उत्तरेतल्या एखाद्या शहरात यायचा आणि हा माझा पळालेला गुलाम आहे असं शपथपत्र केंद्रानं नेमलेल्या कमिशनरपुढं ठेवायचा. ज्युरी नाही. ज्याला पकडलं, त्याला स्वतःच्या बाजूनं साक्ष द्यायची मुभा नाही. कमिशनरनं त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. कागदपत्रांचं काम जास्त पडतं, असं या फरकाचं समर्थन दिलं जायचं. केंद्राचा मार्शल रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला पकडापकडीच्या मदतीला बोलावू शकत होता, आणि नकार देणं हा गुन्हा. पळालेल्याला लपवलं किंवा सोडवलं तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा काय म्हणतो, तिथल्या लोकांची इच्छा काय, याला काडीची किंमत नव्हती. 1854 मध्ये बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स यांना पकडलं, तेव्हा त्यांना बंदरापर्यंत न्यायला सैनिकांचा बंदोबस्त लावावा लागला आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक जमले होते.

म्हणजे इथं दंडेली करणारं केंद्र दक्षिणेच्या बाजूनं उभं होतं, आणि राज्यांच्या हक्कांचा झेंडा उत्तरेच्या हाती होता! ही नुसती कोटी नाही. 1854 मध्येच मिसुरीहून पळून आलेल्या जोशुआ ग्लोव्हर यांना विस्कॉन्सिन राज्यात पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवलं. जमावानं तुरुंग फोडून त्यांना सोडवलं आणि ते कॅनडाला पोचले. शर्मन बूथ या संपादकावर खटला भरला गेला, तर विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं केंद्राचा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. 1859 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हा निकाल एकमतानं फिरवला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं ठराव केला की राज्यं सार्वभौम आहेत आणि केंद्राचा अतिरेक झुगारण्याचा त्यांना अधिकार आहे. भाषा जवळजवळ कॅल्हून यांचीच. आणि दक्षिणेतले नेते या वेळी केंद्राच्या सर्वोच्चतेचे गोडवे गात होते.

मधल्या काळातल्या घटना झपाट्यानं घेऊ. 1854 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला, 1820 ची रेघ पुसली आणि निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांच्या मतावर सोडला. ऐकायला लोकशाही वाटतं. प्रत्यक्षात मार्च 1855 च्या निवडणुकीत कॅन्ससमध्ये जेमतेम तीन हजार मतदार असताना सहा हजारांवर मतं पडली, कारण शेजारच्या मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या मतदानापुरत्या आल्या होत्या. पुढं खून, जाळपोळ, दोन-दोन विधिमंडळं. मे 1856 मध्ये तर सिनेटच्या सभागृहातच प्रेस्टन ब्रुक्स या दक्षिणेतल्या खासदारानं गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना छडी तुटेपर्यंत मारलं. गुलामगिरीचा प्रसार रोखायचा एवढ्या एका मुद्द्यावर रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तो याच धामधुमीत.

6 मार्च 1857 ला ड्रेड स्कॉट यांच्या खटल्याचा निकाल आला. लष्करातल्या डॉक्टर मालकाबरोबर ते इलिनॉय राज्यात आणि 1820 च्या रेघेच्या उत्तरेकडच्या मुलखात वर्षानुवर्षं राहिले होते, म्हणून आपण मुक्त आहोत असा त्यांचा दावा. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं सांगितलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही, त्याला दावा लावता येत नाही. आणि पुढं जाऊन हेही, की केंद्राच्या ताब्यातल्या कुठल्याही प्रदेशात गुलामगिरीवर बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, कारण गुलाम ही मालमत्ता आहे. वाद मिटवायला दिलेल्या या निकालानं तडजोडीची जागाच संपवली. रिपब्लिकन पक्षाचा सगळा कार्यक्रम त्यानं घटनाबाह्य ठरला होता.

एप्रिल 1860 मध्ये चार्ल्स्टनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन फुटलं, ते कशावर? दक्षिणेच्या प्रतिनिधींची मागणी होती की प्रदेशांमध्ये गुलामगिरीला केंद्रानं संरक्षण द्यावं, तिथल्या लोकांना नको असली तरी. डग्लस यांच्या गटाला ते मान्य नव्हतं. पक्ष दुभंगला, चार उमेदवार उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन राज्याराज्यांना वाटून दिलेल्या 303 निर्वाचक मतांपैकी 180 मिळवून निवडून आले. लोकांची मतं 40 टक्क्यांच्या आतच. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावानं मतपत्रिकाच नव्हत्या.

गुलामगिरी जिथं आहे तिथं तिला हात लावणार नाही, असं लिंकन पुन्हा पुन्हा सांगत होते. मग दक्षिणेला भीती कसली? भीती नेमणुकांची होती. दक्षिणेतले पोस्टमास्तर, जकात अधिकारी, मार्शल, न्यायाधीश हे सगळे आता रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष नेमणार. गुलामगिरीविरोधी पत्रकं टपालातून गावोगाव पोचणार, गुलाम नसलेल्या गरीब गोऱ्यांमध्येही त्या पक्षाची माणसं तयार होणार. आणि प्रसार थांबला तर आज ना उद्या मुक्त राज्यं इतकी होतील की घटनादुरुस्ती करता येईल. हा हिशेब मला चुकीचा वाटत नाही. तो वाचवायला काय निघाला होता, एवढाच प्रश्न आहे.

20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलिना फुटून निघालं. 169 मतं बाजूनं, विरोधात शून्य. चारच दिवसांनी त्यांनी कारणांचं जाहीरनामापत्र मंजूर केलं. त्यात उत्तरेतल्या राज्यांची नावं घेऊन तक्रार आहे की त्यांनी पळालेले गुलाम परत दिले नाहीत. न्यूयॉर्कबद्दल तर अशी, की तिथल्या न्यायालयांनी गुलामासह नुसतं त्या राज्यातून जाण्याचा हक्कही नाकारला. म्हणजे न्यूयॉर्कनं स्वतःच्या हद्दीत स्वतःचा कायदा चालवला, हाच त्याचा अपराध! जानेवारीत मिसिसिपीनं आडपडदाच ठेवला नाही: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असं तिच्या जाहीरनाम्याच्या सुरुवातीलाच आहे. 1 फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं गेली. मार्चमध्ये त्यांनी नवी घटना केली. गुलामांवरच्या मालकीला बाध आणणारा कायदा त्यांच्या काँग्रेसनं कधीही करायचा नाही, आणि गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जाण्या-राहण्याचा नागरिकांना हक्क राहील, ही त्यातली कलमं. उद्या एखाद्या राज्यानं आपल्यापुरती गुलामगिरी मोडायची ठरवली, तरी शेजारचा मालक आपले गुलाम घेऊन तिथं येऊ शकणार होता. आणि फुटून निघण्याचा हक्क? तो त्या घटनेत कुठंच लिहिलेला नाही.

12 एप्रिल 1861 ला पहाटे साडेचारला चार्ल्स्टनच्या बंदरातल्या, केंद्राच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. सुमारे चौतीस तास मारा झाला. किल्ल्यावरचे केंद्राचे अधिकारी मेजर अँडरसन यांची रसद संपत आली होती, त्यांनी किल्ला सोडला. लिंकन यांनी 75,000 स्वयंसेवक मागितले, तेव्हा आणखी चार राज्यं फुटली. व्हर्जिनियाच्या परिषदेनं 4 एप्रिलला फुटण्याचा प्रस्ताव फेटाळला होता, 17 एप्रिलला 88 विरुद्ध 55 मतांनी मान्य केला. राज्यांच्या हक्कांच्या बाजूनं काही खरं बोलायचं तर ते इथं. शेजारी राज्यावर सैन्य पाठवणं या लोकांना खरोखर सहन झालं नाही. पण पहिल्या सात राज्यांत सरासरी जवळपास निम्मी लोकसंख्या गुलामांची होती, नंतरच्या चारांत तिसरा हिस्सा जेमतेम, आणि डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही जी चार गुलाम राज्यं फुटलीच नाहीत, त्यांत सातातला एक. कोण आधी गेलं, कोण नंतर, कोण राहिलं, याचा क्रम हे प्रमाणच सांगतं.

दक्षिणेचा एक डाव कापसावरही होता. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून जायचा, तो थांबला की इंग्लंड आपल्या मदतीला येईल असा कयास. इंग्लंड आलं नाही. त्यानं इजिप्त आणि हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईत सोन्याच्या भावानं गेला, त्या पैशावर शेअरचा सट्टा आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या फोफावल्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सगळं कोसळलं.

दक्षिणेच्या राजधानीतल्या, रिचमंडच्या सरकारला मात्र आपलंच तत्त्वज्ञान आडवं आलं. एप्रिल 1862 मध्ये त्यांनी सक्तीची लष्करभरती केली, उत्तरेच्या जवळजवळ एक वर्ष आधी. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी तिला राज्याच्या हक्कांवर घाला म्हणत शेवटपर्यंत अडथळे आणले. त्यात ऑक्टोबरमध्ये सूट निघाली: वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला भरती माफ. फौजेतल्या गरीब शेतकऱ्यांत ती किती लोकप्रिय झाली असेल, ते सांगायला नको.

दक्षिणेचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी 21 मार्च 1861 ला सव्हानाच्या सभेत सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आपल्या नव्या सरकारचा कोनशिला-दगड आहे. युद्ध हरल्यावर, 1868 ते 1870 दरम्यान, त्यांनीच दोन जाडजूड खंड लिहिले. त्यांत मांडलं की झगडा गुलामगिरीचा नव्हता, केंद्र मोठं की राज्यं, या दोन तत्त्वांचा होता. राज्यांच्या हक्कांचं जे उत्तर आपण ऐकतो, त्याचा उगम बराचसा अशा युद्धोत्तर लिखाणात आहे. गंमत अशी, की इकडे पुण्यात जोतिराव फुले यांना कसलाच घोटाळा झाला नव्हता. 1873 मध्ये त्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ते गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल.

राज्याला फुटून निघता येतं का, या प्रश्नाचा कोर्टातला निकाल 1869 मध्ये टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात लागला: येत नाही. तो लिहिला सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी. युद्धापूर्वी ओहायोत पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवणारे वकील आणि पुढं त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून त्यांनी केंद्राच्या पलायित गुलाम कायद्याला विरोध केला होता, आणि तो करताना राज्याच्या अधिकारांचाच आधार घेतला होता.

नमस्कार.